वीसपैकी बारा

पेटीएवढ्या त्या खोलीत तो वाट पाहत बसला होता. जाड दार, भिंतींना करड्या रंगाचा भोकाभोकांचा स्पंज, कानांवर घट्ट बसलेला हेडफोन आणि हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. सुरुवातीचे आवाज त्याने सराईतपणे टिपले: जाड, मग मध्यम, मग बारीक, इतके क्षीण की ऐकू येण्याऐवजी आठवल्यासारखे वाटावेत. मग यंत्र थांबलं. थांबण्याची त्याला सवय होती. एकतीस वर्षं वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा बराच भाग मोजून गप्प बसण्यात जातो. तो मनातल्या मनात मात्रा मोजू लागला. चाळीस झाल्या, तेव्हा काचेपलीकडच्या तरुणाने हात हलवला आणि येऊन दार उघडलं.

"झालं. या बाहेर."

"पण मधे बराच वेळ तुमचं यंत्र बंद होतं," तो म्हणाला.

तरुणाने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बंद नव्हतं. तेवढ्या वेळात मी तुम्हाला अकरा आवाज दिले."

वाद्यवृंदाच्या व्यवस्थापनाने या वर्षापासून सगळ्यांचे कान तपासून घ्यायचे ठरवले होते, म्हणून तो आला होता. दुखणं असं काही नव्हतं. कागदावर दोन रेघा होत्या. उजव्या कानाची रेघ थोडी वाकून गेलेली. डाव्या कानाची बरीच वाट सरळ चालली होती आणि मग दोर सुटलेल्या बादलीसारखी खाली गेली होती; तळ गाठून किंचित वर आली होती, पण पूर्वीच्या उंचीला पोचली नव्हती. "व्हायोलिनवाल्यांचा डावा कान असाच निघतो," तरुण म्हणाला, "वाद्य त्याच बाजूला धरता ना तुम्ही. घाबरण्यासारखं नाही. बोलणं नीट ऐकू येतं ना? मग झालं तर." त्याने विचारलं, की त्या खड्ड्याच्या जागी जगात नेमकं काय असतं. तरुणाने बोटांवर मोजलं: केटलीची शिटी, काही पक्षी, बोलण्यातले स आणि श. मग जरा विचार करून म्हणाला, "आणि तुमच्या वाद्याची धार."

रस्त्यावर आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून डाव्या कानाशी वाजवला, मग उजव्या. उजवीकडे किल्ल्या खुळखुळल्या. डावीकडे त्या एकमेकींवर आपटल्या. धातूचा आवाज होता, धातूची चकाकी नव्हती. त्याने पुन्हा वाजवल्या. थांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईने पर्स छातीशी धरली आणि दोन पावलं सरकून उभी राहिली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्याला समजत होतं. वाटेल, तेही सावकाश वाटेल. पण आत्ता त्याच्या मनात दुसरंच काहीतरी चाळवलं गेलं होतं. जी शांतता त्याने चाळीस मात्रांपर्यंत इतक्या शिस्तीने मोजली, ती शांतता नव्हतीच. ती आवाजांनी भरलेली होती आणि तो तिच्यात नुसता डोकं वर काढून बसला होता. असं आणखी किती ठिकाणी झालं असेल? आणि केटलीची शिटी म्हणताच आपल्याला नेमकं काय आठवू पाहत होतं?

व्हायोलिन शिकायला बाईंकडे तो आठव्या वर्षी जाऊ लागला. बाई तेव्हा साठीला आलेल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांतली बाहेरची शिकवण्याची. एक काळं कपाट, स्वरांच्या वह्या ठेवायचं लोखंडी स्टँड, खिडकीतून दिसणारा समोरच्या इमारतीचा जिना, आणि गजाला घासायच्या राळेचा गोडसर, कोरडा वास. बाई नेहमी त्याच्या उजव्या हाताला उभ्या राहत आणि पेन्सिलीच्या टोकाने त्याचा तारांवरचा गज सरकवत. "घोडीकडे," त्या म्हणत. व्हायोलिनच्या पोटावर तारा तोलून धरणारी लाकडाची पातळ उभी पट्टी म्हणजे घोडी. गज तिच्या जितका जवळ चालवावा तितका आवाज टोकदार, लखलखीत होतो. लांब नेला की मऊ, धूसर. कारण सरळ आहे: मूळ स्वराच्या डोक्यावर बारीक स्वरांची एक उतरंड बसलेली असते आणि घोडीजवळ गेलं की ती उतरंड जागी होते. बाईंना उतरंडीशी कर्तव्य नव्हतं. "अंधार आहे रे," त्या म्हणत, "घोडीकडे घे. अजून. अरे, अजून." तो घेई. तार किंचाळायच्या बेताला येई, त्याच्या स्वतःच्या दातांत कळ जाई, आणि नेमक्या त्या क्षणी बाईंचा चेहरा उघडे. "हं. आता उजाडलं." मुलं त्यांना मागे घोडीबाई म्हणत. त्याने कधी म्हटलं नाही. त्या 'आता उजाडलं'साठी तो रोज पाच तास वाजवत होता. आतल्या खोलीत शेगडीवर केटली शिटी मारत राहायची, झाकण थडथडायचं, आणि बाई हलायच्या नाहीत. त्याच्या गजावर नजर खिळवून उभ्या. पुढे त्याचं नाव झाल्यावर एका मुलाखतीत त्याने हे सांगितलंही होतं, की एकाग्रता म्हणजे काय ते मी त्या केटलीकडून शिकलो. वाक्य चांगलं होतं. दोन ठिकाणी छापून आलं.

त्याचे वडील वजनमापं तपासणारे सरकारी नोकर होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ पितळी वजनांची एक लाकडी पेटी असे. आत मखमलीचे खळगे, प्रत्येक वजनाला आपापला. वजन बोटांनी उचलायचं नाही, चिमट्याने. बोटांचा घाम चढतो. वर्षातून एकदा ती पेटीच मुख्य कचेरीत तपासायला जाई. "मग त्यांच्या कचेरीतली वजनं कोण तपासतं?" त्याने एकदा जेवताना विचारलं होतं. "त्यांच्या वरचा माणूस." "आणि त्याची?" "त्याच्या वरचा." "आणि त्या वरच्याची?" वडिलांनी त्याच्या ताटाकडे बोट दाखवलं होतं. "तू जेव." आता चालता चालता त्याच्या ध्यानात आलं, की त्या घरात तो प्रश्न विचारणारा मुलगा तिसरा जिना चढून बाईंच्या दारात पोचला की नेमका तोच प्रश्न बूट काढतात तिथे काढून ठेवत असे.

घरी येऊन त्याने बहिणीला फोन लावला. ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोन वर्षं तीही बाईंकडे येत होती, मग कंटाळली आणि पुढे दातांची डॉक्टर झाली.

"ताई, बाई आठवतात का गं?"

"घोडीबाई? न आठवायला काय झालं. दोन वर्षं खाल्ली त्यांनी माझी."

"त्यांना ऐकू कमी यायचं का?"

पलीकडे खो खो हसणं. "अरे वेड्या, हे तू आज विचारतोयस? छप्पन्नाव्या वर्षी?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पाठमोऱ्या झाल्या की आम्ही वाट्टेल ते बोलायचो. ती बेकरीवाल्याची मुलगी होती बघ, ती तर एकदा त्यांच्या पाठीशी उभी राहून अर्धा तास शीळ घालत होती. तू तिथेच होतास की."

"मला नाही आठवत शीळ."

"कशी आठवेल? तू बाईंच्या तोंडाकडे बघत होतास. कायम तेच करायचास, देवळात बसल्यासारखा."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुला? तुझ्यापुढे बाईंबद्दल ब्र काढायची सोय होती का? मी एकदा काढला तर माझी वही फेकलीस खिडकीतून. शिवाय आईने बजावलं होतं, त्याला काही सांगू नका, त्याचं छान चाललंय." मग जरा थांबून, दाढ काढल्यानंतर पेशंटशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "चाललं ना छान? मग आता कशाला उकरतोयस?"

म्हणजे आईलाही ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर तो खिडकीशी उभा राहिला. त्याच्या आवाजाला लोक उजळ म्हणत. जुन्या कात्रणांतही तेच होतं: लखलखीत, धारदार, काचेसारखा. एका साठीच्या बाईला वरचे स्वर ऐकू येत नव्हते, म्हणून तिने एका आठ वर्षांच्या मुलाकडून ते दामदुपटीने मागितले, आणि तो देत गेला. मग तीच त्याची ओळख झाली. हे असं मांडलं की फार चोख बसतं, आणि त्याला चोख बसणाऱ्या गोष्टींचा संशय येई. एकदा तर्क सुचला की आठवणी रांग लावून साक्षीला येतात; आठवणीइतका आज्ञाधारक साक्षीदार दुसरा नाही. आली बघा केटली. आलं ते तालयंत्र, जे बाई नेहमी लंबक दिसेल असं ठेवायच्या. आली दाराची घंटा, जी वाजवून उपयोग नसे, आधीच्या मुलाचा तास संपून दार उघडेपर्यंत जिन्यात बसावं लागे. पण बाई गेल्याला वीस वर्षं झाली होती. त्यांचा कान आता तपासता येणार नव्हता. तपासता येईल असा कान एकच होता, आणि त्या कानाच्या भरवशावर एका मुलीचं पुढच्या गुरुवारी काय व्हायचं ते होणार होतं.

ही मुलगी एकोणीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे आली ती जात्याच मऊ, धूसर आवाज घेऊन, आणि प्रत्येक गोष्टीला 'पण का?' विचारण्याची खोड घेऊन. तिला तो शंकासूर म्हणे. दोन वर्षं त्याने तिच्या आवाजातला अंधार काढण्यात घालवली होती. हातात पेन्सिल घेऊन, उजव्या बाजूला उभं राहून. गुरुवारी तरुणांच्या वाद्यवृंदातल्या एकाच रिकाम्या जागेसाठी निवड होती. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, आणि त्या वाद्यवृंदातून न जाता मोठ्या वाद्यवृंदात पोचलेली माणसं त्याला आठवायची म्हटली तरी दोनच आठवत. निवड पडद्याआडून व्हायची. परीक्षक पडद्याच्या एका बाजूला, वाजवणारा दुसऱ्या; ओळखदेख नको, चेहरा नको, नुसता आवाज. तिचा आवाज त्याने घडवला होता की बिघडवला होता, हे गुरुवारी कळणार होतं, आणि तेव्हा कळून उपयोग नव्हता.

तपासणीनंतरच्या पहिल्या दोन तासांना त्याने तिला यातलं काही सांगितलं नाही. निवडीच्या तोंडावर शिष्याचा विश्वास हलवणं हा गुन्हा आहे; आठ दिवसांत आवाज बदलत नाही, फक्त बिघडतो; शिवाय बाईंचं चुकलं असेल तरी जगाने त्याचा आवाज वाखाणलाच होता ना? सोयीच्या युक्तिवादाचं एक लक्षण असं, की तो सुचायला वेळ लागत नाही. दोन्ही तासांना तो तिच्या गजाकडे पाहत 'हं' म्हणत राहिला, आणि प्रत्येक 'हं' म्हणताना स्वतःकडे जरा लांबून पाहत राहिला. तिसऱ्या तासाला, पाच दिवस उरले असताना, त्याने स्टँडवरची वही बाजूला केली आणि तिथे तो कागद ठेवला.

"हे काय नवीन?" मुलगी वाकून बघू लागली. "हे कसं वाचायचं?"

"हा माझा कान आहे."

तिने सवयीने कागद डावीकडून उजवीकडे वाचला. खड्ड्यापाशी तिचं बोट थांबलं. त्याने सांगितलं; आधी रेघांबद्दल, मग बाईंबद्दल, मग ताई काय म्हणाली तेही. न हसता, न सजवता, निदान होण्यापूर्वी लक्षणं सांगावीत तसं. ती बराच वेळ राळेच्या डबीचं झाकण उघडत, लावत राहिली.

"सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"ऐकल्यावर ठरवतो."

"मी घरी असं वाजवत नाही."

"असं म्हणजे?"

"घोडीजवळ. इथे आले की जवळ घेते. घरी गज लांबच असतो."

"कधीपासून?"

"पहिले चार महिने सोडून." मग घाईघाईने, "म्हणजे मी फसवत नव्हते हां. तुम्हाला तसं आवडतं, एवढंच वाटलं मला. आमच्या बाबांना चहात साखर जास्त लागते, तेव्हा त्यांच्या कपात घालतो आम्ही, आपल्या नाही घालत."

रागावण्याची जागा हीच होती, हे त्याला दिसत होतं. रिकामी खुर्ची दिसावी तशी. तो त्या खुर्चीवर बसला नाही. त्याला एकदम हुशारी आली होती. दोन आवाज! एकच हात, एकच वाद्य, एकच खोली आणि दोन आवाज. आणि मधे त्याचा कान. असा प्रयोग मागून मिळाला नसता. "थांब," तो म्हणाला, "नाणं आहे का तुझ्याकडे?"

त्याने नियम सांगितले. एकच ओळ वीस वेळा वाजवायची. छापा पडला की घोडीजवळ, काटा पडला की घरच्यासारखं. वीसही वेळा आधी उडवून क्रम लिहून ठेवायचा, म्हणजे मनाला लबाडी करायला वाव राहणार नाही. तो पाठ करून उभा राहील आणि प्रत्येक वेळी लिहील: इथला की घरचा. ती नाणं उडवू लागली. दोनदा ते सोफ्याखाली गेलं. मग तो कपाटाकडे तोंड करून उभा राहिला.

"असं नाही चालणार," मागून आवाज आला. "कपाटाच्या काचेत दिसते की मी तुम्हाला."

तिने आपली ओढणी काचेवर टांगली. मग वाजवू लागली. पहिल्या दोन-तीन वेळा त्याने झरझर लिहिलं. चौथ्या वेळी पेन्सिल थांबली. ओळ त्याला लख्ख ऐकू येत होती, प्रत्येक स्वर आपल्या जागी, सुरुवात, फुगवटा, शेवट. पण तिच्या पोताबद्दल त्याच्यापाशी होता तो केवळ अंदाज, आणि अंदाजाला लाज वाटू नये म्हणून त्याने लावलेला ठामपणा. तो उजवा कान पुढे करून उभा राहिला. जरा बरं वाटलं; की बरं वाटतंय असं वाटलं? विसाव्या वेळेनंतर दोघांनी कागद शेजारी ठेवले. ती पेन्सिलीने खुणा करत गेली आणि मग खुणा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"बारा," ती म्हणाली. "बारा बरोबर."

"नाण्याला दहा आले असते."

"म्हणजे दोन जास्त आहेत ना."

"नाण्यालासुद्धा कधीमधी बारा येतात. आता मी तुझ्याकडे तोंड करून बसतो. तोच क्रम नको. नवा काढ."

या वेळी वीसपैकी वीस आले. त्यात नवल नव्हतं. गज कुठे आहे ते दिसतच होतं. नवल दुसऱ्या गोष्टीचं होतं, आणि ते तो तिला सांगायला गेला तेव्हा शब्द मिळायला वेळ लागला. त्याने ते पाहून ओळखले नव्हते. त्याला ते ऐकू आले होते. गज घोडीकडे सरकला की खरोखरीच खोलीत उजेड पडल्यासारखा आवाज लखलखायचा, लांब गेला की विझायचा; डोळे मिटले की दोन्ही एक. कानाने सोडलेली जागा डोळ्याने इतक्या बेमालूमपणे भरली होती, की मालकाला भाडेकरू बदलल्याचा पत्ता नव्हता.

"मग दोन वर्षं तुम्ही काय ऐकून म्हणायचात, आता उजाडलं म्हणून?" तिचा आवाज हळू होता, पण शंकासुराचाच होता.

"तुझा हात," तो म्हणाला.

तो स्वतः चार वेळा त्या पडद्याआड परीक्षक म्हणून बसला होता. तिथे त्याला सगळे उमेदवार जवळजवळ सारखे वाटत. शेजारचे परीक्षक 'अगदीच बोथट' किंवा 'काय गोल आवाज आहे' असं कुजबुजले की तो मान डोलवायचा आणि बहुमताबरोबर जायचा. याला तो आपला समंजसपणा समजत आला होता. आणि बाई? बाईंच्या कानाबद्दल आपण इतका विचार केला, त्यांच्या डोळ्यांबद्दल केलाच नाही. त्या गजावर खिळलेल्या नजरेला आपण एकाग्रता म्हणालो. म्हणजे त्यांना बिचाऱ्यांना आवाज कमी ऐकू येत होता, म्हणून त्या जास्त मागत होत्या, हेही खरं नसेल. कदाचित पेन्सिल जिथवर सरकवायची तिथवर गज गेला, की त्यांच्या आत आपोआप उजाडत असेल. बिचाऱ्या म्हणावं का त्यांना, हेही त्याला ठरवता येईना. आतून तर ते उजाडणंच होतं.

"आता तुम्ही वाजवा," मुलगी म्हणाली. "मी पाठ करते."

तिचे एकोणीस आले. एकदा शिंक आली म्हणून, असं तिचं म्हणणं. त्याने व्हायोलिन खाली ठेवलं आणि मग जे विचारायचं तो इतके दिवस टाळत होता ते विचारलं. "माझा आवाज कसा आहे? खरं सांग. माझा नेहमीचा."

"जवळून टोचतो," ती म्हणाली. "थोडा. पहिल्या दिवशी घरी गेल्यावर माझं डोकं दुखलं होतं."

"हं."

"पण मी तुम्हाला पहिल्यांदा ऐकलं ना, ते अगदी शेवटच्या रांगेत. स्वस्त तिकीट होतं. तिथे बाकी सगळे गोधडीतून वाजवल्यासारखे येत होते आणि तुमचं एकट्याचं नीट, एकेक अक्षर वाचावं तसं. टोचत नव्हतं अजिबात. तेव्हाच ठरवलं होतं की यांच्याकडे जायचं."

हेही बसत होतं. अंतर आधी बारीक स्वर खातं; हवा, माणसांचे कपडे, खुर्च्यांचं कापड, सगळे मिळून खातात. शेवटच्या रांगेत जे पोचतं ते साधारण बाईंच्या कानात पोचे तितकंच असणार. म्हणजे बाई त्याच्या हाताशी उभ्या होत्या तरी त्यांचा कान शेवटच्या रांगेत बसलेला होता, आणि त्यांनी नकळत त्याला त्या रांगेसाठी तयार केलं. किती सुंदर. सुंदर आहे म्हणूनच त्याने ते बाजूला ठेवलं, सिद्ध व्हायचं बाकी म्हणून. सध्याचा प्रश्न वेगळा होता आणि तो मुलीने विचारलाच.

"परीक्षक कुठे बसतात? जवळ की लांब?"

"दर वर्षी वेगळं. कधी पडद्याला लागून, कधी दालनाच्या टोकाला. वाजवणाऱ्याला कळू देत नाहीत. बोलायचीही बंदी असते, नाहीतर विचारता आलं असतं."

"मग मी कुठला आवाज लावू?"

"मला माहीत नाही."

"सर, पाच दिवस राहिलेत!"

"म्हणून तर सांगतोय. आवाजाबद्दल मला यापुढे विचारू नकोस. तालाबद्दल विचार, स्वराबद्दल विचार, कुठे श्वास घ्यायचा ते विचार. तिथे माझी वजनं अजून बरी आहेत." ती रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. कपाळाला आठी घालून बसली, अवघड उदाहरण बघावं तशी. मग त्यालाच काहीतरी सुचत गेलं, बोलता बोलता, आणि बोलताना त्याला जाणवलं की हे आपल्याला बाईंनी शिकवलेलं नाही. बाईंना हे शिकवताच आलं नसतं. "आत गेल्यावर तारा लावायला परवानगी असते," तो म्हणाला. "सगळे घाईने लावतात आणि सुरू करतात. तू घाई करू नकोस. आधी इथल्यासारखा गज ओढ आणि थांब. खोली काय परत देते ते ऐक. मग घरच्यासारखा ओढ. पुन्हा थांब. पडदा कापडाचा असतो, भिंत नसते ती. माणसं बसलेली असली तर ती आवाज पितात, नसली तर तो लांब जाऊन परत येतो. तुझा कान शाबूत आहे. मला ऐकू येणार नाही ते तुला येईल."

"आणि ते म्हणाले, किती वेळ तारा लावतेय ही?"

"म्हणू देत. वेळेची अट नाही. मी चार वेळा बसलोय तिथे."

गुरुवारी सकाळी दालनाबाहेरच्या लांबलचक बोळात भिंतीला लागून खुर्च्या होत्या. उमेदवार आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर किंवा पायाशी वाद्याची पेटी. मुलीचं नाव नव्हे, आकडा पुकारला गेला. तिने बूट काढून त्याच्या खुर्चीखाली सरकवले, मोज्यांवर आत गेली आणि दार लागलं. त्याच्या शेजारी एक दणकट गृहस्थ बसले होते, बसचालकाचा गणवेश घालून. दुपारच्या पाळीला थेट इथूनच जायचं असणार. त्यांची लेक पलीकडे भिंतीकडे तोंड करून बोटं हवेत चालवत होती.

"बूटसुद्धा काढायला लावतात," ते म्हणाले. "पावलांवरून बाई की बुवा कळतं म्हणे. आमच्यात असं असतं तर बरं झालं असतं. आमचा साहेब गाडीचा आवाज न ऐकता नुसतं तोंड बघून शेरा मारतो."

आत तार वाजली. एक लांब स्वर, मग शांतता. पुन्हा स्वर, शांतता. तिसऱ्यांदा. बोळातल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. "तारच लागत नाहीये वाटतं बिचारीची," एक आई समाधानाने पुटपुटली. चौथ्यांदा. पाचव्यांदा. त्याने खुर्चीचा हात धरून ठेवला. तो स्वतः आत असता तर एव्हाना घामाघूम होऊन सुरू करून बसला असता. सहावा स्वर, आणि या वेळची शांतता आधीच्यांहून लांब. मग ती सुरू झाली.

त्याने डोळे मिटले. स्वर बरोबर होते. ताल बरोबर होता. श्वास ठरलेल्या जागी होता, फक्त एकदा तिने तो थोडा आधी घेतला, आणि तो तिथे आधीच घ्यायला हवा होता हे त्याला पटलं. पण आवाज? गज कुठे होता? बंद दारामागे काय चाललं होतं ते पाहायला काहीच नव्हतं. डोळे मिटलेले काय, उघडे काय. त्याने उजवा कान दाराकडे केला. इथला की घरचा? की तिसराच, जो तिने आत्ता तिथे उभ्या उभ्या शोधला होता?

"तुमची मुलगी का?" बसचालकाने हळूच विचारलं.

"विद्यार्थिनी."

"मग कशी वाजवतेय? तुम्हाला तर कळत असेल."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस. कानांवर केस वाढलेले. दिवसभर इंजिनाशेजारी बसणारा. तेही कान असेच असायचे एखादवेळेस. तरी ते त्याचे नव्हते, आणि त्यांना गज कुठे असावा हे ठाऊक नव्हतं.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला.

"मी? अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपला लेकीला सोडायला आलो."

"तेच बरं आहे. दाराशी या जरा. मला एका कानाने नीट येत नाही. कसा आवाज येतोय तेवढं सांगा. चांगला-वाईट नको, कसा ते."

चालकाने आजूबाजूला पाहिलं, चेष्टा तर होत नाही ना म्हणून. मग ते उठले, टोपी काढून काखेत धरली आणि दाराला कान लावला. तो त्यांच्या शेजारी उभा राहिला. सगळा बोळ त्या दोघांकडे बघत होता.

"अं..." चालक म्हणाले, "आधी जरा, कसं सांगू, चढावर गाडी बंद पडेल म्हणून आपण रेस देतो ना, तसं वाटत होतं. जोर. आता ते गेलं. आता गाडी आपली आपण चढतेय."

"टोचतंय?"

"नाही हो. टोचत नाही."

"मऊ?"

"मऊही नाही म्हणता येणार. मऊ असतं तर दारातून आलं नसतं." त्यांनी डोळे बारीक केले. आत ती वरच्या तारेवर गेली होती; एवढं त्यालाही कळलं. "आता बदललं बघा काहीतरी," चालक कुजबुजले.

"काय बदललं?"

"थांबा हो," ते म्हणाले आणि हाताने त्याला गप्प केलं. "ऐकू द्या."

तो थांबला, पाय न हलवता, त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता, समोरच्या दाराच्या रंगाकडे बघत. आत कुठेतरी एक स्वर चालू होता किंवा संपला होता.

"हं," त्याने न राहवून विचारलं, "आणि आता?"